विटेचे उपयोग

एकोणीसशे एकोणसाठ. ओहायोतलं ॲक्रन.
विद्यापीठाच्या तळघरात आम्ही सात बायका,
तासाला एक डॉलर वीस सेंट,
समोर गठ्ठे : चौथीच्या पोरांचे, वैमानिकांचे,
टायरच्या कारखान्यातल्या इंजिनियरांचे.
प्रश्न एकच. वेळ तीन मिनिटं.
विटेचे सुचतील तितके उपयोग लिहा.

दोन वर्षांपूर्वी रशियाचा तो गोळा
डोक्यावरून टिकटिकत गेला होता
आणि देशाला एकाएकी वाटू लागलं होतं
की आपल्यात काहीतरी कमी आहे.
काय, ते डॉक्टर लेव्हरिंगना धड सांगता यायचं नाही.
मोजायचं कसं, ते मात्र पाठ होतं.

भिंत बांधणे : शून्य.
घर बांधणे : शून्य, भिंतीतच आलं.
दार अडवणे : एक.
तापवून, फडक्यात गुंडाळून पाय शेकणे : दोन.
कुटून ओठांना लावणे : तीन,
आणि समासात डॉक्टरांची खुशीची रेघ.
शंभरात एकालाच सुचलं तर पूर्ण गुण.
शंभर जणांना सुचलं तर ते सुचणंच नव्हे.
निराळेपणाचा तक्ता होता माझ्याकडे,
अकारविल्हे लावलेला.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं.
खाणीकडच्या शाळेतली एक मुलगी, अर्ज क्रमांक चारशे सतरा,
गणितात नापास, शुद्धलेखन भयंकर,
तिनं एकेचाळीस उपयोग लिहिले होते.
शेवटचा : तिला परत माती होऊ देणे.
तक्त्यात नव्हता. मी तीन दिले.
तिला पुढे शिष्यवृत्ती मिळाली म्हणतात.
मिळाली असो.

एका रविवारी नियम मोडून
एक कोरा अर्ज घरी आणला.
बाबांनी, ओंद्रेय ह्रबेक, गवंडी, वय एकसष्ट,
सुपाची वाटी बाजूला सारली,
पेन्सिल थापीसारखी धरली.
पहिलं मिनिट कागदाकडे नुसते बघत राहिले.
दुसऱ्यात विचारलं, "कुठली वीट? पक्की भाजलेली की भट्टीच्या कडेची?"
तिसऱ्यात लिहिलं :
भिंत. सरळ.

मी गुण दिले. शून्य.
'सरळ'ला रकाना नव्हता.

ते रागावले नाहीत.
म्हणाले, "मिल्का, आमच्या गावच्या बोलीत दोन क्रियापदं होती.
एक देवाचं, एक आपलं.
देवाचं चुकून तोंडात आलं
तर पाद्री कान पिळायचा.
आता ते सरकार सगळ्यांना वाटतंय म्हणतेस, तीन तीन मिनिटांत.
वाटू दे, चांगलंच आहे.
आपलं कुणाला देणार?"

मग सूप गार झालं म्हणून कुरकुरले.

आता वीटभट्टीच्या जागी काचेची कचेरी आहे.
जुनी चिमणी तेवढी ठेवलीय, रात्री जांभळ्या दिव्यात न्हालेली.
आतल्या भिंतीवर तोच शब्द, दोन पुरुष उंच.
माझा नातू कॉर्बिन तिथं फोन उचलायचा,
गिऱ्हाइकांच्या शिव्या ऐकून घ्यायचा, लिहून दिलेली उत्तरं द्यायचा.
वर्षाअखेरीस त्याच्या कागदावर आलं :
'स्वतंत्र विचार : अपुरा.'
मार्चमध्ये काढून टाकलं.

काल आला होता. खुर्चीत बसला, जोडेही काढले नाहीत.
म्हणाला, "आजी, हे मोजायचं कुणाच्या डोक्यातून निघालं असेल गं?"

मी चहाला आधण ठेवलं.
किती सांगावं? तळघर? तक्ता? एक डॉलर वीस?
एवढ्यात वारा सुटला
आणि मागचं दार आपटणार होतं, ते आपटलं नाही.
तिथं बाबांनी शेवटच्या दिवशी भट्टीवरून आणलेली वीट आहे,
एक कोपरा उडालेली.

दार अडवणे.
एक गुण.